वर्गणीतली करंडी

मंडळी, सगळ्यांच्या पोटात तर्री-पोहे गेलेले दिसतात, म्हणजे आता आकडेमोड सहन होईल. विषय वेबसाइटच्या सबस्क्रिप्शनच्या किमतीचा आहे, पण सुरुवात संत्र्यापासून करतो. नागपुरात बसून दुसरी कुठून करणार?

माझे वडील रेल्वेत पार्सल क्लार्क. सुटीच्या दिवशी मला संत्रा मार्केटात न्यायचे. तिथे एक विक्रेता होता, तो भाव म्हणून सांगायचाच नाही. "किती पाहिजे ते बोला नं साहेब!" एवढंच. बाबांनी विचारलं, एक डझन कितीला? 9 रुपये. दोन? 17. तीन? 25. बाबा म्हणाले, "म्हणजे डझन 8 चं, अन् वरचा 1 करंडीचा. आम्ही थैली आणली आहे. दोन डझन 16 ला दे." तो पाहतच राहिला. "मास्तर आहे का तुम्ही?" बाबा खूश. मला मात्र ओझं वाहावं लागलं, थैली फाटकी होती. (हशा) करंडी घेतली असती तर बरं झालं असतं, हे मी त्यांना कधी बोललो नाही.

आता माझी भाची सराव परीक्षांची एक वेबसाइट वापरते. विद्यार्थ्यांचा आकडा टाका, महिन्याची रक्कम येते; दर कुठेच नाही. विचारलं तर उत्तर आलं, "किंमत आपल्या गरजेनुसार ठरते." गरज! अहो, गरज पाहून भाव सांगणाऱ्याला आपल्या इतवारीत काय म्हणतात, ते इथे सांगत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, पटकन.

5 विद्यार्थ्यांना 1,416 रुपये, 10 ना 2,596, 20 ना 4,956. आधी 18 टक्के जीएसटी काढा, म्हणजे 1.18 ने भागा. 1,200, 2,200, 4,200. पाच वाढले की हजार, दहा वाढले की दोन हजार, डोक्यामागे 200. मग पाचांचे हजारच व्हायला हवेत, 1,200 कसे? वरचे 200 करंडीचे! पुढे 30 ना 6,726, म्हणजे कराविना 5,700. इथे गणित मोडलं. 25 टाकून पाहिलं, कराविना 4,950. विसाच्या पुढच्यांनाच 150 चा दर, आधीच्यांना जुनाच. मे महिन्यात कूलर लावून येणाऱ्या वीजबिलाचे टप्पे आठवा, तसंच; फक्त तिथे दर चढतो, इथे उतरतो.

वार्षिक योजनेत "17 टक्के सूट" लिहिलंय. ते 10 महिन्यांचे पैसे घेऊन 12 महिने देणं आहे, खरे 16.67. चला, तेवढं माफ.

उपयोग काय? 15-15 विद्यार्थ्यांच्या दोन क्लासेसनी वेगवेगळं घेतलं तर कराविना 6,400, एकत्र घेतलं तर 5,700. एका खात्यावर दोन क्लास चालतात का, ते मात्र अटींत वाचा. भाचीने वाचलं. चालत नाही. हो हो अध्यक्ष, बसतो.