अक्षता स्टेशनच्या दिशेनं

नमस्कार श्रोतेहो.

आज श्रावणातला गुरुवार, आणि उद्याचा शुक्रवार जिवतीचा. आजचं बोलणं तसं श्रावणाच्या सगळ्याच सणवारांबद्दल आहे, पण मला ओढ उद्याच्या शुक्रवारची आहे. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगते आणि तिकडं वळते.

श्रावणात एकही वार मोकळा नाही. रविवारी आदित्य राणूबाई, सोमवारी महादेव, मंगळवारी नव्या लग्नाच्या मुलींची मंगळागौर, बुध-गुरुवारी बुध-बृहस्पती, शुक्रवारी जिवती, शनिवारी नृसिंह आणि मारुती. त्यात शुद्ध पंचमीला नागोबा, पौर्णिमेला नारळ आणि राखी, वद्य अष्टमीला कृष्णजन्म आणि शेवटी पिठोरी अमावास्या. तुमच्या घरी हे सगळं होतच असतं, मी नव्यानं काय सांगू!

एक मात्र दरवर्षी विचारलं जातं. फोनवर उत्तरेकडचे फोटो येतात, "श्रावणाचा पहिला सोमवार" म्हणून, आणि आपल्याकडं तेव्हा आषाढच चालू असतो. मग घरात गोंधळ होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला संपतो. त्यामुळं त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. लक्षात ठेवा, त्यांचा पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. आणि 2023 साली आला तसा अधिक श्रावण आला, तर सणवार सगळे निज श्रावणात. त्या वर्षी 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक महिना होता, आणि जिवतीचा कागद लावायचा कधी, हे विचारायला माझ्याकडं निम्मी गल्ली आली होती.

आपल्या सोलापुरात श्रावण तीन भाषांत येतो. पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी उभं राहिलं की एका रांगेत मराठी, कन्नड आणि तेलुगू कानावर पडतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली. श्रावणात त्या अडुसष्ट लिंगांच्या दर्शनाला निघणारी माणसं आजही आहेत. माझी आजी एका दमात नाही, थोडी थोडी करून महिनाभरात ती फेरी पुरी करायची.

सोमवारच्या शिवामुठीचा क्रम सांगते, नव्या मुलींनी ऐकून ठेवावा. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्या सोमवारी मूग, चौथ्या सोमवारी जव, आणि पाचवा सोमवार आलाच तर सातू. पुन्हा सांगते. तांदूळ, तीळ, मूग, जव, सातू. आणि यात माझं एक मागणं आहे. पिंडीवर दूध-पाण्यात पडलेलं धान्य झाडून गोळा होतं आणि वाया जातं, ते मला बघवत नाही. दोन दाणे पिंडीवर वाहा आणि उरलेली मूठ शेजारी कोरड्या परातीत ठेवा. ते कुणाच्या तरी पोटात जाऊ दे. आपल्याच घरात कहाणी सांगतात ना, राजानं सगळ्या गावाचं दूध ओतलं तरी गाभारा भरला नाही, आणि लेकरा-वासरांना पाजून उरलेल्या म्हातारीच्या खुलभर दुधानं भरला. ती कहाणी ऐकायची आणि मग धान्य मोरीत जाऊ द्यायचं, हे मला पटत नाही. नागपंचमीचंही तेच. नाग दूध पीत नाही. टोपलीतल्या नागाला पैसे देऊ नका, नाग पकडून टोपलीत ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पाटावर गंधानं नाग काढा, लाह्या वाहा, पुरणाची दिंडं उकडा. पूजा होते.

आता शुक्रवार.

जिवतीचा कागद तुम्ही सगळ्यांनी बघितलेला आहे. वर नृसिंह, कालियावर नाचणारा कृष्ण, मध्ये लेकरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, खाली बुध आणि बृहस्पती. आघाडा-दुर्वांची माळ, कापसाचं वस्त्र, पुरणाचा नैवेद्य, सवाष्णीला जेवण, आणि पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळायचं. श्रावणातला शुक्रवार मुलांचा, हे विसरू नका.

मी पाचवीत होते. आम्ही पूर्व भागात राहायचो, अशोक चौकाच्या अलीकडं. समोर पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग होते, त्यांच्या खडखडाटात आम्ही जेवायचो, झोपायचो, पाढे पाठ करायचो. शेजारी एक पद्मशाली कुटुंब होतं. नवरा मागावर, बायको बिड्या वळायची. आम्ही तिला पिन्नी म्हणायचो. तेलुगूत पिन्नी म्हणजे मावशी. आमचं ऐकून आईसुद्धा तिला पिन्नीच म्हणायला लागली, आणि ती आईला अक्का म्हणायची. तिचा एकुलता मुलगा त्याच वर्षी भिवंडीला मागावर गेला होता.

दुसऱ्या शुक्रवारी आईनं पिन्नीला सवाष्ण सांगितलं होतं. सकाळपासून घरात सोवळं. अकरा वाजले, पुरण पाट्यावर वाटून झालं, पिन्नी येईना. मला बोलवायला पाठवलं. बघते तर ती उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि हात थांबत नाहीत. आदले दोन दिवस तापानं पडून होती. आणलेल्या पानांच्या हजार बिड्या दुपारी कारखान्यात द्यायच्या होत्या आणि तीनशे कमी होत्या. कमी भरल्या तर मजुरी कापणार. वर छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या, निघाल्या तर आणखी कापणार. मान वर न करता ती म्हणाली, "अक्काला सांग, दुसरी बाई बघा. उपाशी ठेवू नका देवाला."

मी घरी येऊन सांगितलं. आईनं चूल विझवली, सोवळं उतरवून साधं पातळ नेसलं आणि बाहेर पडली. आजी देवापाशी बसली होती. शुक्रवारी, नैवेद्याआधी, तंबाखूला हात! मला वाटलं आता आजी बोलणार. आजी काही बोलली नाही.

आईला बिडी वळता येत नव्हती. तिनं कात्री घेतली. पत्र्याच्या मापावर ओलं पान ठेवायचं आणि कडेनं कापायचं. आई कापायची, पिन्नी वळायची, मी पंचवीस-पंचवीसच्या जुड्यांना दोरा बांधायचे. पिन्नी माझ्या जुड्या हळूच सोडून परत बांधायची, ते मला दिसत होतं. दोन वाजता ती सूप डोक्यावर घेऊन पळत गेली.

आम्ही हातपाय धुऊन घरात आलो, तर आजीनं चूल पेटवून पुरण परत गरम केलेलं, आणि पुरणाचेच पाच दिवे ताटात करून ठेवलेले. पिन्नी आली तेव्हा साडेतीन वाजले होते. अंघोळ करून, ओल्या केसांत मोगरा घालून आली. तेव्हा कुठं आमच्या जिवतीला नैवेद्य मिळाला. पिन्नीनं कागदाकडं बराच वेळ बघितलं. त्यांच्याकडं हा कागद लावत नाहीत. तिनं विचारलं, "ही पोरं कुणाची?" आई म्हणाली, "आपलीच."

मग आईनं आम्हा भावंडांना ओवाळलं. औक्षण झाल्यावर आईनं पिन्नीच्या हातावर अक्षता ठेवल्या. तुम्हाला ठाऊक आहेच, लेकरू परगावी असलं तर आई त्याच्या नावानं चारी दिशांना अक्षता टाकते. आईनं ते सांगितलं. पिन्नी म्हणाली, "चार दिशा कशाला अक्का, माझा एकच हाय की. भिवंडी कुठल्या बाजूला?"

कुणालाच सांगता येईना. मी दप्तरातून नकाशा काढला आणि म्हटलं, वायव्येला. पिन्नी म्हणाली, "वायव्य म्हंजे कुठं?" मी नकाशा फिरवत राहिले. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग दारात जाऊन उभी राहिली आणि हात लांब करून म्हणाली, "त्याला गाडीत बसवलं ठेसनावर. ठेसन तिकडं." आणि तीनदा मूठ उघडून तिनं स्टेशनच्या दिशेनं अक्षता टाकल्या. समोरच्या शेडच्या पत्र्यावर त्या पडल्या. मागांच्या आवाजात त्यांचा आवाज आला नाही. दोन चिमण्या उतरल्या तेवढ्या दिसल्या.

तिचा मुलगा नारळी पौर्णिमेला आला. पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, आणि पूर्व भागातली कामाला गेलेली पोरं रथाला घरी येतात. यमाचा फास पडला तेव्हा पिंडीला मिठी मारणारा तो सोळा वर्षांचा मार्कंडेय. पद्मशाली लोक स्वतःला त्याच्या वंशातल्या भावना ऋषींचे वंशज मानतात. तेलुगूत या पौर्णिमेला जंध्याल पौर्णिमा म्हणतात, त्या दिवशी घरातले पुरुष नवं जानवं घालतात. पिन्नीनं मला बोलावून त्याला राखी बांधायला लावली. त्यानं मला भिवंडीहून आणलेली रिबीन दिली, हिरवी.

श्रोतेहो, घड्याळ पुढं गेलंय, आणि मंगळागौरीच्या खेळांबद्दल, पिठोरीबद्दल बोलायचं राहिलं. पिठोरीला पुढच्या वेळी नक्की येऊ.

माझी मुलगी आता पुण्याला नोकरी करते. हुतात्मा एक्सप्रेसनं जाते, येते. पुणं कुठल्या दिशेला ते मला नीट कळतं. तरी दर शुक्रवारी मी अक्षता स्टेशनकडंच टाकते.

उद्या शुक्रवार आहे. हरभऱ्याची डाळ निवडून ठेवा. अक्षतांचे तांदूळ आजच बघून घ्या, एकही तुटका नको. आणि सवाष्ण सांगितली असेल, तर सकाळी एकदा तिच्या घरी डोकावून या. नमस्कार.