उशिरा केलेली तक्रार

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. शेतात कापसाची वेचणी.)

"जाऊ दे ना बाई, लय जुनी गोष्ट झाली ते. आता तिचं लगन कराचं हाय."

लहानपणी घरातल्याच माणसानं काय केलं, हे मुलगी मोठी झाल्यावर सांगते, तेव्हा पहिलं उत्तर हे येतं. दुसरं येतं, की एवढ्या वर्षांनी केस होत नाही. हे दुसरं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीचा पोक्सो कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. तक्रार किती वर्षांत करायची, अशी अट त्यात कुठेच नाही. मुदतीचा नियम आहे तो फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, आणि तोही तीन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरता. पोक्सोतल्या लैंगिक अत्याचाराची शिक्षा त्याहून मोठी आहे. त्यामुळे दहा वर्षांनीही गुन्हा नोंदवता येतो.

(दृश्य: शाळेचा रिकामा व्हरांडा.)

खरी कोंडी पोक्सो येण्याआधीच्या मुलींची. त्यांना तेव्हाची भारतीय दंड संहिता लागते. बलात्काराला तिच्यातही मुदत नव्हती. पण नको तिथे हात लावला, तर तो विनयभंग. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, म्हणून मुदत तीन वर्षांची. 2005 साली नऊ वर्षांची असलेली मुलगी बारा वर्षांची झाली, की मुदत संपली. आपल्यासोबत काय घडलं हे तिला उमगायच्याही आधी! उशिराचं कारण पटलं तर न्यायालय मुदत शिथिल करू शकतं, पण ते पटवायचं तिनंच. हा त्या मुलींवरचा अन्याय आहे.

वर्षं लोटली की वैद्यकीय पुरावा उरत नाही. तिचा जबाब उरतो, आणि तिनं तेव्हा ज्या आजीला, मैत्रिणीला सांगितलं, त्यांचा. ती तेव्हा अठराच्या आत होती, हे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून दाखवता येतं.

(दृश्य: एसटी स्टँड.)

लग्न होऊन ती वर्ध्याकडे गेली असेल, तर तिथल्याच ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी नोंदवून घेतली जाणारी तक्रार, देता येतो. ठाणेदारानं नाही म्हटलं, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करायचा. तिथेही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.