बावीस अक्षरांची चिठ्ठी

[सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र. स्तनातली दूधनलिका, आडवी कापलेली.]

मधे पोकळी, भोवती पेशींची रांग. प्रत्येक पेशीनं शेजारणीला घट्ट धरून ठेवलंय. त्यांना जोडणाऱ्या प्रथिनाचं नाव ई-कॅडहेरिन. इथे ते तपकिरी रंगात रंगवलंय, म्हणून पेशींच्या कडा अशा उठून दिसतात. कोटाची बटणं नीट लावलेली असावीत, तशा.

आता स्तनाच्या कर्करोगाचा नमुना. रांग मोडली आहे, पेशींची गर्दी झाली आहे. गाठ.

पण गाठ वाढणं वेगळं, आणि तिच्यातली एखादी पेशी उठून फुप्फुसात, हाडात किंवा मेंदूत जाऊन बसणं वेगळं. स्तनाच्या कर्करोगात जीव जातो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीनं. मग पेशीला घर सोडायला लावतं कोण?

[मिलिमीटरभर लांबीचा, पारदर्शक कृमी वळवळतो.]

धागा सापडला तो या कृमीत, सी. एलेगन्समध्ये. व्हिक्टर अँब्रोस त्याच्या लिन-4 नावाच्या जनुकाचं प्रथिन शोधत होते. प्रथिन नव्हतंच. हाती आला आरएनएचा एक तुकडा, जेमतेम 22 अक्षरांचा. गॅरी रव्कन यांच्याकडे लिन-14 हे दुसरं जनुक होतं. दोघांनी आपापली अक्षरं शेजारी ठेवली आणि ती काही ठिकाणी एकमेकांना जुळली. हे 1993 साली छापून आलं, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. कृमीचं काहीतरी विचित्र असेल, एवढंच. पुढे 2000 साली लेट-7 हा असाच तुकडा माणसातही निघाला, आणि मग सगळे खडबडून जागे झाले. नोबेल मिळायला मात्र 2024 उजाडलं.

जनुकातली माहिती आधी निरोपी आरएनएवर उतरते, आणि त्या निरोपावरून प्रथिन तयार होतं. लिन-4, लेट-7 सारख्या इवल्या तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. मायक्रोआरएनए मधेच हा निरोप गाठतो. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसून तो निरोप चाचपतो. जुळवाजुळव मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षरांची. ती जुळली की निरोपाचं वाचन अडतं किंवा तो निरोपच नष्ट होतो. बहुतेकदा प्रथिन पूर्ण थांबत नाही, कमी होतं. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं. मात्र एकाच मायक्रोआरएनएच्या हाताशी शेकडो निरोप असतात.

माणसातल्या मायक्रोआरएनएंच्या नावात ‘मिर’ आणि एक क्रमांक असतो. गाठीच्या वाढीचं उदाहरण घ्यायचं तर मिर-21. स्तनाच्या अनेक गाठींमध्ये तो नेहमीपेक्षा जास्त सापडतो. पीटेन हे पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारं प्रथिन. मिर-21 तो ब्रेकच ढिला करतो.

पसरण्याची गोष्ट जास्त रंजक आहे. 2007 साली रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत, स्तनाच्या कर्करोगाच्या पण सहसा न पसरणाऱ्या पेशींमध्ये मिर-10बी वाढवला गेला. त्या पेशी उंदरांमध्ये आजूबाजूच्या ऊतीत घुसल्या, आणि दूरवर पोचल्याही. साखळी अशी: ट्विस्ट हे प्रथिन मिर-10बी वाढवतं, तो हॉक्सडी10 हे प्रथिन दाबतो, आणि हॉक्सडी10च्या दाबाखाली असलेलं आरएचओसी मोकळं सुटतं. पेशीला हालचाल देणारं प्रथिन ते हेच.

तीन वर्षांनी उलट प्रयोग झाला. उंदरांना मिर-10बी अडवणारं औषध दिलं. फुप्फुसातल्या नव्या गाठी कमी झाल्या. मूळ गाठ? ती होती तशीच वाढत राहिली. वाढीची दोरी आणि पसरण्याची दोरी वेगवेगळी आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी माहीत नाही.

मग माणसांना हे औषध का नाही, असा प्रश्न येणारच. मिर-34 या दुसऱ्या एका मायक्रोआरएनएची नक्कल असलेलं एक औषध वेगवेगळ्या कर्करोगांच्या रुग्णांवर तपासलं गेलं होतं. प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे 2016 मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. रेणू नेमका पोचवणं आणि शरीरानं तो सहन करणं, घोडं अडतं ते इथे.

[पुन्हा दूधनलिका. तपकिरी कडा.]

शेवटी मिर-200 चं कुटुंब. झेब1 आणि झेब2 ही दोन प्रथिनं ई-कॅडहेरिनचं उत्पादन बंद पाडतात, म्हणजे बटणं उघडतात. मिर-200 या दोघांना दाबून ठेवतो. तो कमी झाला की पेशी लांबुडकी होते, सुटी होते, सरकू लागते. इथवर तो आपल्या बाजूचा.

पण 2011 साली उंदरांमध्ये भलतंच दिसलं. मिर-200 जास्त असलेल्या पेशींनी फुप्फुसात अधिक वसाहती केल्या. पेशी काही प्रथिनं बाहेर सोडते, आणि त्यांतली काही पसरण्याला अटकाव करतात. मिर-200 नं ती पाठवणीच रोखली होती. प्रवासाला निघताना अडवणारा, मुक्कामाला पोचल्यावर बस्तान बसवून देतो.

[फुप्फुसाचा छेद. मधोमध पेशींचा लहानसा पुंजका, कडा पुन्हा तपकिरी.]

बटणं लावलेली आहेत. फक्त हे स्तन नाही.