दफनं वाचायची कशी? इनामगाव, नेवासे आणि विदर्भातली शिळावर्तुळं

मंडळी, उत्खननात एखादं दफन निघालं की बघायला आलेला माणूस आधी विचारतो, ‘सोनं-बिनं सापडलं का?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण आज मला एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. दफनातल्या वस्तू आणि दफनातला माणूस हे दोन वेगळे पुरावे आहेत. वस्तू ठेवल्या मागे राहिलेल्यांनी. त्यांना या माणसाबद्दल काय वाटत होतं, चार लोकांना काय दाखवायचं होतं, घराला काय परवडत होतं, ते वस्तूंवरून कळतं. तो माणूस स्वतः काय खात होता, लहानपणी आजारी पडला होता का, कुठल्या कामानं त्याचे सांधे झिजले, हे विचारायचं ते हाडांना आणि दातांना. या दोन्हींची गल्लत झाली की मेलेल्याच्या नावावर आपण भलतंच चरित्र लिहून ठेवतो.

गल्लत किती मोठी होऊ शकते ते पाहा. स्वीडनमध्ये बिर्का नावाचं व्हायकिंग काळातलं व्यापारी गाव होतं. तिथं १८७८ साली एक थडगं उघडलं गेलं. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, ढाली, दोन घोडे आणि पटावर खेळायच्या सोंगट्या, असा सगळा सरंजाम त्यात होता. साहजिकच तो शूर पुरुष ठरला आणि पुस्तकांमधून शंभराहून अधिक वर्षं पुरुषच राहिला. मधल्या काळात हाडं तपासणाऱ्या काही अभ्यासकांनी हा सांगाडा स्त्रीचा दिसतो असं म्हटलं होतं, पण त्यांचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०१७ मध्ये डीएनए तपासणीचा निकाल आला. ती स्त्रीच होती. आता ती स्वतः लढायला जात होती की नाही, यावर वाद चालू आहे आणि तो चालू राहावा. पण तलवार दिसली की पुरुष, हे समीकरण आपण घरून घेऊन गेलो होतो, थडग्यात ते नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. इ.स.पू. १६०० च्या सुमारास इथं ताम्रपाषाणयुगातले, म्हणजे दगडाबरोबर तांबंही वापरणाऱ्या काळातले, शेतकरी वसले आणि इ.स.पू. ७०० पर्यंत ही वस्ती टिकली. जव हे त्यांचं मुख्य पीक. गुरं, शेळ्यामेंढ्या होत्या, आणि पुराचं पाणी वळवण्यासाठी त्यांनी चर आणि बांधही घातला होता.

हे लोक आपले मृत गावाबाहेर नेत नव्हते. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत होते. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवायचे, शेजारी पाण्याचं आणि अन्नाचं भांडं ठेवायचे. आणि घोट्याखालचे पाय तोडलेले असायचे. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण जरा थांबू या. मृतानं उठून चालू लागू नये म्हणून असं करत असतील, असं उत्खननकर्त्यांनी सुचवलं. तो तर्कच आहे. मला मात्र त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भीती असती तर त्यांनी प्रेत लांब कुठेतरी नेऊन टाकलं असतं. यांनी ते घरातच ठेवलं. मृतानं जाऊ नये, इथंच राहावं, अशीही इच्छा त्यामागे असू शकते. दोन्ही भावना एकाच वेळी एका घरात नांदू शकतात.

या प्रथेला एक ठळक अपवाद सापडला. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर होतं, गावातल्या मोठ्या घरांपैकी एक, आणि त्याला धान्याचं कोठार जोडलेलं. त्याच्या अंगणात मातीचा रुंद तोंडाचा, चार पायांचा रांजण निघाला. आत एक पुरुष मांडी घालून बसवलेला होता, आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात, आणि मलाही ते पटतं. पण हे कशावरून पटतं ते लक्षात घ्या. सोन्यानं तो मढवलेला नव्हता. जागा, रांजण घडवायला घेतलेली मेहनत आणि पायाला न लावलेलं हत्यार, यांवरून त्याचा मान कळतो. कर्नाटकात ब्रह्मगिरीला मात्र एका सांगाड्याजवळ सोन्याचे ३३ मणी, तांब्याच्या चार बांगड्या आणि शंख निघाला, तर तिथल्याच इतर काहींच्या वाट्याला नुसती मडकी. तिथं वस्तू मोजून काहीतरी हाती लागतं. इनामगावला नुसत्या वस्तू मोजत बसलात तर हा माणूस तुमच्या नजरेतून निसटेल.

मुलांची दफनं हा इनामगावचा सगळ्यात मोठा ठेवा आहे, आणि मी त्यावर जास्त वेळ घेणार आहे. दोन रांजण घ्यायचे, तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवायचे, आणि आत मूल. सोबत कधी तोटीचं छोटं भांडं, कधी वाडगा. आजही आपल्याकडे तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, पुरतात. म्हणून मोह होतो की तीच परंपरा इथपर्यंत आली असं म्हणावं. पण मधल्या तीन हजार वर्षांचा पुरावा साखळीसारखा जोडता येत नाही, तेव्हा तो मोह मी आवरतो.

ही मुलं कशी जगली? दातांची वाढ बरीचशी ठरलेल्या वेळापत्रकानं होते. उपासमार झाली तरी ती फारशी ढळत नाही. मांडीचं हाड मात्र अन्न मिळालं नाही की लगेच मागे पडतं. म्हणजे एकाच मुलाचे दात दोन वर्षांचे आणि हाड एक वर्षाच्या मुलाएवढं निघालं, तर ते मूल कुपोषित होतं. प्राचीन सांगाड्यांच्या अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शूग यांनी दख्खनमधल्या या काळातल्या मुलांच्या सांगाड्यांचा असा अभ्यास केला, तेव्हा इनामगावच्या शेवटच्या टप्प्यातल्या, म्हणजे अभ्यासक ज्याला उत्तर जोर्वे म्हणतात त्या काळातल्या, मुलांची वाढ खुंटलेली दिसली. त्याच काळात, इ.स.पू. १००० नंतर, प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि शिकारीवरची भिस्त वाढते. गाव गरीब होत चाललं होतं.

पण अशा दिवसांतही मूल गेलं की रांजणं येत होती, खड्डा खणला जात होता, शेजारी भांडं ठेवलं जात होतं. त्यांची गरिबी हाडांत दिसते, दफनात नाही. नुसती भांडी पाहून कुणी म्हणालं असतं, सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं. नुसती हाडं पाहून वाटलं असतं, मुलांकडे कुणी लक्षच देत नव्हतं. दोन्ही एकत्र ठेवल्यावरच त्या आईबापांची अवस्था कळते. आमच्या शास्त्रात याहून मोलाचं फार थोडं मला माहीत आहे.

आणखी एका मुलाबद्दल सांगतो. प्रवरेच्या काठी नेवासे येथे एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तिचा दोरा थोडासा टिकून होता. एरवी आपल्या हवेत सूत मातीत कुजून जातं, पण तांब्याला गंज चढताना जे क्षार बनतात ते कुजवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाहीत. त्या दोऱ्यात कापूस आणि रेशीम असल्याचं तपासणीत आढळलं. महाराष्ट्रातल्या कापडाचा इतका जुना धागा आपल्या हाती आला तो कुणीतरी आपल्या मुलाच्या गळ्यातली माळ पुरताना काढून घेतली नाही म्हणून. दफनात काय नव्हतं असं म्हणायची घाई करू नये ती यासाठी. दूध, फुलं, धडुतं, सगळं माती खाऊन टाकते.

विदर्भाचा मामला अगदी वेगळा आहे. नागपूरभोवती जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथं मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. हा लोहयुगाचा काळ, इ.स.पू. पहिलं सहस्रक. दफनं वस्तीपासून दूर, उघड्या माळावर. आत माणसाची हाडं बऱ्याचदा तुटक मिळतात, पण वस्तूंची रेलचेल असते. लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या, तांब्याची झाकणं. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या माहूरझरीच्या उत्खननात घोडे सापडले, तोंडावर तांब्याच्या पत्र्याचे अलंकार घातलेले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. त्यामुळे हे सामान इथंच घडवता येत होतं हे कळलं. तरी एका कुऱ्हाडीमागे केवढं खनिज, केवढा कोळसा आणि किती हातांचा घाम असतो! वापरातली कुऱ्हाड मातीत घालणं म्हणजे घरच्यांनी सोसलेला खर्च होता. आणि घोडा तर दख्खनचा मूळचा प्राणीच नव्हे. इथं मात्र चार लोकांत दाखवण्याचा भाग मोठा होता, असं माझं मत आहे. इनामगावचं दुःख जमिनीखाली, घरातल्यांपुरतं होतं. माहूरझरीचं वर्तुळ लांबून दिसावं म्हणूनच रचलं होतं.

शेवटी विदर्भातून आलेल्या मंडळींना एक विनंती. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे आहेत. वर्तुळातली त्यांची दिशा ठरवून राखलेली असावी असं काही अभ्यासक मांडतात. ते खरं की खोटं, हे दगड मूळ जागी असले तरच तपासता येईल. रस्ते, नवे लेआउट आणि शेताचं सपाटीकरण यांत अशी वर्तुळं मोडत आहेत. तुमच्या शिवारात असं वर्तुळ असेल तर दगड हलवू नका, आत खणून पाहू नका. दगड जसेच्या तसे दिसतील असे फोटो काढा, जागेची नोंद करा आणि पुरातत्त्व विभागाच्या नागपूरच्या कार्यालयात कळवा.