चटणीचा वास कुठे गेला?

(दृश्य : सोलापूर, पहाट. होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहतायत.)

संक्रांत तोंडावर आलीय. पूर्व भागातल्या गल्लीत टॉवेलचे माग कधीच सुरू झालेत. मागावरच्या माणसाला सकाळपासून शिंका. दुपारी तो डबा उघडतो. कडक भाकरी, शेंगा चटणी. पण चटणीचा वासच येत नाही.

"गार वारं लागलं असंल," शेजारचा म्हणतो.

वारं नव्हे, सर्दीचा विषाणू. बहुतेक वेळा ऱ्हायनोव्हायरस. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले जेमतेम ३०, एवढाच त्याचा आकार. पण गार हवेचा संबंध अगदीच नाही असंही नाही. फुप्फुसातल्या ३७ अंशांपेक्षा नाकातलं ३३ अंशांच्या आसपासचं तापमान त्याला जास्त मानवतं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली हलणारी लव.)

हे नाकाचं अस्तर. या पेशींवरची लव सतत हलते, शेंबूड घशाकडे ढकलते. विषाणू पेशीत शिरतो आणि स्वतःच्या प्रती काढू लागतो. तेव्हा आरएनएचा, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती ज्यात असते त्या रेणूचा, लांब दुहेरी धागा तयार होतो. निरोगी पेशीत असा धागा मोकळा फिरत नसतो. कापडात एक चुकीचा धागा आला तरी विणकराच्या नजरेतून सुटत नाही, तसा पेशीतले पहारेकरी रेणू तो ओळखतात.

मग दोन हाका जातात. पहिली इंटरफेरॉनची, हा पदार्थ १९५७ मध्ये सापडला. ती ऐकून शेजारच्या पेशी विषाणूसाठी दारं लावून घेतात. ही हाक वेळेवर गेली तर लागण थोड्याच पेशींत अडते. उशीर झाला की विषाणू पसरतो, आणि दुसरी हाक वाढत जाते : दाहाची. रक्तवाहिन्या रुंदावतात, अस्तर सुजतं, पांढऱ्या पेशी धावून येतात. नाक चोंदतं, वास वरपर्यंत पोचतच नाही. म्हणजे हा बराचसा त्रास आपल्याच पेशींनी उठवलेला. शेंबडाचा हिरवट रंगही त्या पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा (एन्झाइमचा). नुसत्या त्या रंगावरून अँटिबायोटिक घेऊ नका, कळकळीनं सांगतोय. विषाणूवर ते चालत नाही.

दमा असेल तर हाच दाह श्वासनळ्या आवळतो आणि धाप लागते.

(दृश्य : रात्र. घर.)

त्याच्या आईला दमा आहे. आज तो आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालतो.