टोपी निघता निघेना

(फ्रिजचं दार उघडतं. दुधाच्या पिशवीमागून पुठ्ठ्याचा छोटा खोका बाहेर येतो.)

रविवार, सकाळचे साडेदहा. पुण्यातल्या एका स्वयंपाकघरात ओट्यावर इंजेक्शन ठेवलंय. फ्रिजमधून काढून अर्धा तास झाला. औषध गारेगार असलं की टोचताना जास्त झोंबतं, म्हणून आधी त्याचा गारवा जाऊ द्यायचा. काकूंना हे आता कुणी सांगावं लागत नाही. दर पंधरा दिवसांनी एक, असा त्यांचा नेम आहे.

काकूंना आमवात आहे. फाइलवर लिहिलंय, रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते, असा हा आजार. पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीनं जास्त. सकाळी बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही. साडेदहाची वेळ त्यांनी त्याच हिशेबानं धरलीय. तोवर हात जरा मोकळे होतात.

"आई, टोपी मी काढून देऊ का?" सून विचारते.

"थांब गं. जमतंय मला."

(अगदी जवळून: दोन बोटं, मध्ये सुईची टोपी. बोटं घसरतात. पुन्हा धरतात.)

ही टोपी नीट बघा. पेनाच्या टोपणापेक्षा बारीक, गुळगुळीत, आणि घट्ट. घट्ट असायलाच हवी, कारण ती सैल झाली तर सुईचा निर्जंतुकपणा गेला. कारखान्याच्या बाजूनं सगळं बरोबर आहे. चुकलंय ते एवढंच, की हे औषध ज्या आजारावर आहे त्यानं चिमटीतली ताकद आधीच काढून घेतलीय.

सिरिंज मुळात काकूंसाठी बनलीच नव्हती. १८५३ साली पोकळ सुई आणि सिरिंज यांची जोडी जमली, ती डॉक्टरांच्या हातासाठी. घरच्या घरी टोचून घेण्याची वेळ आणली इन्सुलिननं. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं, आणि पुढची कित्येक वर्षं मधुमेही माणसं काचेची सिरिंज पातेल्यात उकळत होती, बोथट झालेली सुई दगडावर घासत होती. इन्सुलिनचं पेन बाजारात यायला १९८५ उजाडलं.

आमवाताच्या एका सिरिंजचं रूप मात्र रुग्णालयातून आलेलं नाही. ते आलं बटाटे सोलायच्या पीलरवरून.

(काळ्या, जाड, रबरी दांड्याचा पीलर. अंगठा टेकतो तिथे बारीक बारीक काप.)

न्यूयॉर्कच्या ऑक्सो कंपनीनं १९९० साली हा पीलर आणला. सॅम फार्बर हे तिचे संस्थापक. त्यांची बायको बेट्सी हिच्या हाताला संधिवात, लोखंडी पट्टीच्या पीलरनं तिचे हात दुखायचे, ते बघून नवऱ्याला कल्पना सुचली, अशी गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. कल्पना मुळात माझी होती, असं बेट्सीनं नंतर सांगितलं. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. 'रुग्णकेंद्री' हा शब्द आता प्रत्येक माहितीपत्रकावर असतो, पण त्यात रुग्ण बहुतेक वेळा बिचारा म्हणूनच येतो. अडचण कुठे आहे आणि उपाय काय, हे त्याच्याच हाताला आधी कळलेलं असू शकतं, हे कुणी लिहीत नाही.

पुढे बेल्जियमच्या यूसीबी कंपनीला सिम्झिया हे आमवाताचं औषध रुग्णांच्या हातात द्यायचं होतं. सिरिंज कशी असावी हे ठरवायला त्यांनी याच पीलरवाल्या कंपनीला सोबत घेतलं. २००९ मध्ये ती सिरिंज आली. आत तेच, एक मिलिलिटर औषध. बाहेरचं सगळं बदललेलं. अंगठ्याखाली रुंद गादी. बोटं टेकायला मोठी, गोलसर पकड. आणि टोपीला चक्क एक कडं. चिमूट लागतच नाही. कड्यात बोट घालायचं आणि सरळ ओढायचं.

(कड्यात अडकलेलं बोट. टोपी निघते.)

पण टोपी निघाली म्हणजे काम झालं नाही. आता दट्ट्या दाबायचा.

दिवाळीत ज्यानं सोऱ्या धरलाय त्याला पुढचं लगेच कळेल. चकलीची ताटली घातली की पीठ सहज उतरतं. बारीक शेवेची ताटली घाला, तेच पीठ, तोच सोऱ्या, आणि दंड भरून येतात. सुईचं तसंच. सुई बारीक असली की टोचताना दुखत नाही, सगळ्यांना तीच हवी असते. पण आतलं भोक निम्मं केलं, तर औषध तेवढ्याच वेळात आत जायला दट्ट्यावर सोळापट जोर लागतो. त्यात आमवाताची नवी जैविक औषधं, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेली, दाटसर. म्हणजे कातडीला सुख दिलं की बोटांना दुःख. यातून पूर्ण सुटका नाही. अंगठ्याची गादी रुंद करा, पकड मोठी करा, म्हणजे तोच जोर एका पेरावर न येता तळहातभर पसरतो. नाहीतर स्प्रिंगवालं पेन द्या, दाबायचं काम तेच करेल.

पेनाचेही घोटाळे आहेत. ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात मांडीत मारायचं एपिपेन घ्या. पूर्वी त्याचं एक टोक राखाडी होतं, एक काळं. सुई कुठल्या टोकातून येणार? घाबरलेल्या माणसाला ते कळायचं नाही, आणि काहींनी आपल्याच अंगठ्यात सुई मारून घेतली. २००९ च्या नव्या रूपात सुईचं टोक नारिंगी झालं, दुसरीकडची टोपी निळी.

(पुन्हा ओटा. काकूंची टोपी एकदाची निघालीय. काकू पोटाची वळी चिमटीत धरतात. सुई आत. दट्ट्या सावकाश खाली.)

सुई बाहेर आली. आणि खरा धोका इथेच आहे. सुई उघडी, हात जरासा थरथरता, आणि सवयीनं माणूस टोपी परत बसवायला जातो.

यासाठी सेफ्टी सिरिंज असते, टोचून झाल्यावर सुई कवचानं झाकणारी. तिची मागणी आली ती रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांकडून. वापरलेली सुई टोचून नर्सना काविळीचे विषाणू, एचआयव्ही यांची लागण होत होती. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेनं त्यासाठी कायदाच केला. मग हेच कवच रक्त पातळ करणाऱ्या, आमवाताच्या, अशा घरी घ्यायच्या सिरिंजवरही आलं.

कवच दोन तऱ्हांचं. एकात टोचून झाल्यावर माणसानंच ते पुढे सरकवायचं, किंवा दट्ट्या आणखी जोरात दाबायचा. सराईत नर्सला ठीक आहे. काकू ते विसरतील, किंवा ते सरकणारच नाही. दुसऱ्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नाही. दट्ट्या तळाला टेकला की आतली खिट्टी सुटते, अंगठा सैल केला की स्प्रिंगच्या जोरावर सुई कवचाच्या पिंजऱ्यात जाते. टक्.

त्या 'टक्'साठी मी या यंत्राच्या प्रेमात आहे. दट्ट्या पूर्ण दाबला नाही, तर खिट्टी सुटतच नाही. म्हणजे सुई झाकली गेली, याचाच अर्थ औषध पूर्ण गेलं. घरात एकट्या बसलेल्या माणसाला 'झालं का सगळं?' हा प्रश्न फार छळतो. त्याचं उत्तर इथे फुकटात मिळतं. त्याची किंमतही आहे म्हणा. स्प्रिंगमुळे शेवटी थोडा जास्त जोर लागतो, आणि पिंजऱ्याच्या प्लास्टिकमागे औषध गढूळ तर नाही ना, हे तितकं स्पष्ट दिसत नाही.

काकूंच्या सिरिंजवर पिंजरा नाही. सगळ्यांच्या नसतो.

(सिंकखालचं कपाट. फिनाइलची रिकामी बाटली, त्यावर मार्करनं लिहिलंय: 'सुया. हात लावू नये.')

पुण्यात दारोदारचा कचरा गोळा करणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. सुका कचरा त्या हातानं निवडतात. घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंजा म्हणजे घातक कचरा, त्या वेगळ्या द्यायच्या, असं २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी सांगितलं. द्यायच्या कुठे, ते शोधायला काकूंच्या मुलाला दोन महिने लागले. शेवटी एक लॅब तयार झाली.

सिरिंज बाटलीत पडते. झाकण काकू स्वतः लावतात. ते मोठं आहे, कडेला खाचा आहेत, पहिल्या फटक्यात बसतं.

"बघ, हे कसं जमलं," त्या सुनेला म्हणतात. "टोपीला असल्या खाचा पाडायला यांचं काय जातं?"