'हार्डली'च्या पोटातला नकार

नमस्कार श्रोतेहो.

नोकरीच्या अर्जात कुणी 'आय हार्डली वर्क' असं लिहिलं, तर वाचणारा गालातल्या गालात हसेल. लिहिणाऱ्याला सांगायचंय, मी खूप राबतो. कागदावर उमटलंय, मी काम जवळपास करतच नाही!

चूक होते ती हिशेब सरळ धरल्यामुळे. 'स्लो'चं 'स्लोली', 'क्विक'चं 'क्विकली', मग 'हार्ड'चं 'हार्डली' का नको? पण 'हार्ड' हे विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. मेहनत सांगायची तर 'आय वर्क हार्ड', बस्स.

मात्र चुकणारा अगदीच वेडा नाही. जुन्या इंग्रजीत 'हार्डली' म्हणजे जोरानं, नेटानं असंच होतं. पुढे अर्थ झाला 'मोठ्या कष्टानं'. 1611च्या इंग्रजी बायबलात धनवानांना देवाच्या राज्यात 'हार्डली' प्रवेश मिळेल असं म्हटलंय, म्हणजे महाप्रयासानं. आता जे महाप्रयासानं घडतं, ते घडतं तरी कितीदा? त्याच वाटेनं शब्द आजच्या अर्थाशी आला: जेमतेम, क्वचितच, जवळजवळ नाहीच.

आपली खरी अडचण मात्र 'फारसं' या शब्दानं केलीय. 'मी त्याला फारसं ओळखत नाही.' इथे 'फारसं'ला शेवटी 'नाही' लागतोच. तो गाळून बघा, वाक्य लंगडं पडतं. 'हार्डली' तो 'नाही' स्वतःच्या पोटात घेऊन येतो. म्हणून 'आय हार्डली नो हिम' एवढंच पुरतं. आपण सवयीनं 'डोन्ट'ही घालतो आणि नकार दोनदा होतो. काही इंग्रजीभाषक घरगुती बोलण्यात असं म्हणतात खरे, पण प्रमाण लेखनात ते चालत नाही.

एक वाक्यरचना मला फार आवडते. 'हार्डली हॅड आय सॅट डाउन व्हेन द फोन रँग.' मी बसतो न बसतो तोच फोन वाजला. बघा, तिथे मराठीलाही मध्ये 'न' घ्यावासा वाटलाच!

पोटातला हा नकार पकडायचा असेल, तर वाक्याला शेपटीचा प्रश्न जोडा. 'यू स्लीप वेल'नंतर येतं 'डोन्ट यू?' आणि 'यू हार्डली स्लीप' म्हटलं, की लगेच येतं 'डू यू?'